जीपला आधी रंग की आधी ब्रेक?

प्रश्न : वडिलांची १९९२ ची महिंद्रा एमएम ५४० जीप गोठ्यामागे पडून आहे. कमी खर्चात नवी करायचीय. रुंद टायर, रंग आणि दुसरं दमदार इंजिन टाकून मग आरटीओत नोंद केली तर चालेल ना?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : मग नव्हे, आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची पूर्वपरवानगी लागते. पण बदलताच कशाला? तिचं प्यूजो घराण्यातलं २.१ लिटरचं डिझेल इंजिन जुन्या मेकॅनिकांना तोंडपाठ असतं. नुसतं पडून राहिल्यामुळे ते मेलं असं समजू नका. टाकी, डिझेल फिल्टर साफ करून, ऑइल बदलून ते आधी चालू तर करून पाहा.

पैसा चासी, ब्रेक आणि स्टीअरिंगवर घाला. चासी हातोडीने ठोकून बघा; आवाज बद्द आला तर आत गंज आहे. रंग अगदी शेवटी. रुंद टायरांचा मोह सोडाच, स्टीअरिंग जड होतं. फोर-व्हील चिखलातच टाका. कोरड्या डांबरीवर गिअरपेटीवर ताण येतो.

गाडी पंधरा वर्षांपुढची आहे, तेव्हा पाना हातात घेण्यापूर्वी नोंदणीचं नूतनीकरण आणि, वडील हयात नसतील तर, वारसाच्या नावावरची बदली तपासून घ्या.