पाणी किती पुरे?

वाचकहो, तुळशीला आपण रोज तांब्याभर पाणी घालतो. उद्या कोणी भक्तीच्या भरात घागरीमागून घागर ओतली, तर तुळस जास्त फोफावेल काय? छे! मुळ्या कुजून ती मान टाकील. हे घरातल्या लेकरालाही कळते. शेतात पाय टाकला की मात्र आपण विसरतो. म्हणून आजचा पाठ पाण्याच्या मापाचा.

पलूस तालुक्यावर कृष्णामाईचे उपकार मोठे. १९६० च्या दशकात कोयना धरण झाले, पुढे नदीकाठी मोटारी बसल्या, ऊस उभा राहिला, घरात चार पैसे आले. त्याच पाण्याने काही ठिकाणी काळी कसदार जमीन पांढरी पडली. असे का व्हावे?

काळ्या जमिनीत निचरा मंद. वरचेवर पाणी तुंबवले की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. ते पाणी उन्हाने उडून जाते. त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. वर्षानुवर्षे साठले की पांढरा थर येतो, उगवण विरळ होते, शेवटी ऊसही येईनासा होतो. आणि हे ध्यानात घ्या : वरच्या रानातले जास्तीचे पाणी पाझरत खालच्या रानात निघते. चूक एकाची, जमीन जाते दुसऱ्याची!

उपाय तीन. पहिला, वाफसा पाहूनच पाणी द्यावे. जमल्यास ठिबक करावे. दुसरा, चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करावा. एकट्याने चर काढली तर पाणी शेजाऱ्याच्या बांधाला तुंबते, म्हणून सर्वांनी मिळून ती ओढ्यापर्यंत न्यावी. तिसरा, मातीची तपासणी करावी. जमीन चोपण निघाली तर जिप्सम, शिवाय ताग-धैंचा गाडावा. निचऱ्यावाचून मात्र हा खर्च फुकट.

ब्रह्मनाळला कृष्णेस मिळणारी येरळा पाहा. वर खानापूर तालुक्यात तिला पाण्याची वाण. तिथे बलवडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभारले आणि पाणी सारखे वाटून घ्यायचे ठरवले. ज्यांना थोडे मिळाले त्यांना वाटणी सुचली. आपल्याला भरपूर मिळाले, तर निदान माप तरी सुचावे.

दिंडीत पुढचा चालतो तो मागच्याचे भान ठेवून. पाण्याचेही तसेच. पाळी झाली की मोटार बंद करावी, खालच्या रानाकडे एकदा पाहावे, मगच घरी यावे.