जवसाच्या काडीपासून स्वयंपाकघरातल्या फडक्यापर्यंत : खरं लिनन ओळखू या



शिलाईचं काम करणाऱ्या आपल्या गटांकडे आता कापडी पिशव्यांबरोबर "लिननचे किचन टॉवेल मिळतील का?" अशी विचारणा होऊ लागली आहे. काम चांगलं आहे. पण बाजारात "लिनन" म्हणून मिळणारं प्रत्येक कापड लिनन असतंच असं नाही. काही कापड नुसतं लिननसारखं दिसतं, आत धागा पॉलिस्टरचा असतो. तसं फडकं आपल्या गटाच्या नावाने विकलं गेलं तर ग्राहक पुन्हा येणार नाही. शिवाय गॅसजवळ पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून ऑर्डर घेण्याआधी हा पाठ.

लिनन म्हणजे काय?

लिनन जवसाच्या झाडापासून बनतं. हो, ज्याची आपण चटणी करतो तेच जवस, काही ठिकाणी त्याला अळशी म्हणतात. कापसाचा धागा बोंडातून येतो, लिननचा धागा जवसाच्या काडीच्या सालीतून. अंबाडीचा वाख आपल्याला माहीत आहे, त्याच्याच जातीची ही गोष्ट समजा.

मग आपल्या शेतातल्या जवसाचं लिनन होईल का? हा प्रश्न बैठकीत नक्की येईल. आपलं जवस बियांसाठी निवडलेलं वाण आहे. ते बुटकं असतं, त्याला फांद्या जास्त फुटतात आणि बी पिकेपर्यंत काडी राठ होते. धाग्याचं वाण उंच, सरळ, कमी फांद्यांचं असतं. ते दाट पेरतात आणि त्याला थंड, दमट हवा लागते. त्यामुळे आपलं जवस चटणी-तेलासाठीच ठेवू या, कापड विकत घेऊ या.

कापड कसं तयार होतं?

जगातलं धाग्याचं बरंचसं जवस फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांत पिकतं. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात मार्च-एप्रिलमध्ये पेरणी होते आणि जूनमध्ये निळी फुलं येतात. पुढचं काम असं चालतं :

1. पीक कापत नाहीत, मुळासकट उपटतात. त्यामुळे धाग्याची पूर्ण लांबी मिळते.
2. काड्या काही आठवडे शेतातच पसरून ठेवतात, मधूनमधून उलटतात. दव आणि पावसाने साल सैल होते. अंबाडी आपण पाण्यात कुजवतो, इथे ते काम दव करतं.
3. वाळलेल्या काड्या यंत्रात चेचून झोडतात. आतली लाकडी काडी मोडून पडते, धागा उरतो.
4. धागा फणीने विंचरतात. लांब धागे वेगळे होतात, आखूड वेगळे. लांब धाग्याचं सूत बारीक आणि गुळगुळीत, आखूड धाग्याचं जाडंभरडं.
5. बारीक सूत कातताना धागा गरम पाण्यातून नेतात. मग विणकाम.

एवढे हात आणि एवढे दिवस लागतात, म्हणून लिनन सुती कापडापेक्षा महाग. कोणी फारच स्वस्तात देत असेल तर तिथेच थांबून विचारा.

स्वयंपाकघरात ते का चांगलं?

लिनन पाणी पटकन शोषतं आणि लवकर वाळतं. ओलं झाल्यावर ते आणखी मजबूत होतं, त्यामुळे धुऊन-पिळून लवकर विरत नाही. त्याचे तंतू फारसे सुटत नाहीत, म्हणून काचेचे ग्लास पुसायला ते उत्तम. फ्रान्समधले पाववाले पावाची कणीक फुगायला ठेवताना ती लिननच्या कापडावर ठेवतात. आपल्याकडे भाकरी-पोळी गुंडाळायला आणि भांडी पुसायला ते छान चालेल. एक उणीव आहे : चुरगळतं फार.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

- मुठीत दाबा. लिननवर ठळक सुरकुत्या पडतात. पॉलिस्टर पुन्हा सरळ होतं.
- पाण्याचा थेंब टाका. धुतलेल्या लिननमध्ये लगेच जिरतो. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून आधी तुकडा धुवा.
- धागा जाळून बघा. एक उभा आणि एक आडवा धागा काढा, कारण भेसळ एकाच बाजूला असू शकते. चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळा. लिनन कागदासारखं जळतं, मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी तयार होतो.

लक्षात ठेवा, सुती धागाही कागदासारखाच जळतो. सुती की लिनन हे बघायला धागा तोडा. सुती धाग्याचं टोक केसाळ, पिंजल्यासारखं दिसतं. लिननचं ताठ आणि टोकदार. तरी शंका उरली तर दुकानदाराकडून बिलावर "100 टक्के लिनन" लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर ते कापड या ऑर्डरसाठी घेऊ नका.

कापण्याआधी धुवा

लिनन पहिल्या धुण्यात आटतं. 58 इंच पन्ह्याचं 1 मीटर कापड शेकडा 5 आटलं असं धरू. उरतं साधारण 55 बाय 37 इंच. त्याचे साडेसत्तावीस बाय साडेअठरा इंचाचे 4 तुकडे होतात. चारही बाजूंनी अर्ध्या इंचाची दुहेरी दुमड घातली की टॉवेल साडेपंचवीस बाय साडेसोळा इंचाचा बसतो. ग्राहकाला हेच माप सांगा. न धुता शिवलं तर तिच्या घरी पहिल्याच धुण्यात टॉवेल लहान होईल आणि दुमड आखडेल.

वापरताना

- भांड्यांचं, हाताचं आणि ओट्याचं फडकं वेगळं ठेवा. कडेला वेगळ्या रंगाचा टाका घातला की ओळखता येतं.
- साध्या साबणाने धुवा. ब्लीच नको, धागा कमजोर होतो. कपडे मऊ करणारं द्रावणही नको, पाणी शोषणं कमी होतं.
- ओलसर असतानाच इस्त्री करा.
- ओल्या फडक्याने गरम भांडं उचलू नका, वाफेने हात भाजतो. सांडशी वापरा.

पुढच्या बैठकीत करायचं काम

प्रत्येकीने घरातल्या एका फडक्याचे चार धागे आणा. जाळून आणि तोडून बघू, कोणतं कापड काय आहे ते वहीत लिहू. आणि एक ठराव सगळ्यांनी मिळून करू : सुती असेल तर लेबलवर "सुती" लिहायचं, मिश्र असेल तर "मिश्र", आणि "लिनन" फक्त लिननवर. सुती फडकंही चांगलंच असतं, ते त्याच्याच नावाने विकू.