सांभाळणारीला कोण सांभाळणार?

पारोळा तालुक्यात विशेष शिक्षिका म्हणून घरोघरी जाताना, आईच्या पोटातच दारूचा परिणाम झालेली काही मुलं भेटली. सांभाळणारी बहुतेक वेळा आजी. तिच्यासोबत राहून जे उमगलं, ते लिहिते.

१. "आई प्यायची का हो?" हे ओट्यावर बसून विचारू नका. गरोदरपणातली दारू नाळेतून बाळापर्यंत जाते आणि मेंदूची घडण बिघडवते. थोडी घेतली तर चालते, असं काही नाही. डॉक्टरांना मात्र सगळं खरं सांगावं. पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, मग निदान हुकतं.

२. "बाई, हाऊ आयकसच नही," एक आजी रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "चपला घाल, दप्तर घे, दार लोट," असं त्यांनी एका दमात सांगितलेलं. पोरगं एका पायात चप्पल घालून तसंच उभं. तो हट्ट नव्हता, पुढचं त्याच्या डोक्यात उरलंच नव्हतं. मग एका वेळी एकच गोष्ट सांगायची ठरवली, दाराजवळ चपलेचं, दप्तराचं चित्र ओळीनं चिकटवलं. काल जमलेलं आज जमत नाही म्हणून अशी पोरं मार खातात. मारून काही साधत नाही, कारण आपण काय केलं आणि त्यानं काय झालं, याची सांगड त्यांना बहुतेक वेळा घालता येत नाही. हे काकांना, शेजाऱ्यांना, गुरुजींना समजावणं आपलं काम. "आजीनंच लाडावून ठेवलाय" हा ठपका त्याशिवाय जात नाही.

३. पोराला सांभाळताना कापूस वेचणीतली आजीची रोजंदारी बुडते. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. "मंगळवारी दुपारी मी याच्यापाशी बसते" म्हणा, आणि बसा.

४. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत पोटातल्या दारूमुळे होणाऱ्या या विकाराचं वेगळं नाव नाही. तपासणीत बौद्धिक अक्षमता निघाली, तर त्या नावानं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं आणि निरामय योजनेतून 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमाही. प्रमाणपत्रासाठी जळगावला सोबत जा. गर्दीत पोरगं बिथरतं. एक माणूस खिडकीशी, एक त्याच्यापाशी लागतोच.

५. आजीची झोप कशी आहे, विचारा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. पण तिची झोप उडवणारा प्रश्न एकच: माझ्यामागे याचं कोण? 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार, बौद्धिक अक्षमता असलेलं मूल 18 वर्षांचं झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. तिचा भरवसा कोणावर आहे, ते आत्ताच विचारा. त्या माणसाला आतापासून घरी येऊ-जाऊ द्या.