करारातलं 'मे'

शाळेत 'शॅल' शिकलो ते 'आय' आणि 'वी'पुढे लावायचं म्हणून. बाकी सगळ्यांना 'विल'. करारनामा वाचताना हा नियम विसरायचा. तिथं 'शॅल' म्हणजे करावंच लागेल आणि 'मे' म्हणजे वाटलं तर करा.

माझ्या आतेभावानं फ्लॅटमधल्या फर्निचरचं काम ठेक्यानं दिलं. निम्मे पैसे आगाऊ. काम अर्धवट पडलं, तरी कागद घेऊन आला तेव्हा गडी निर्धास्त होता. "लवादाचं कलम आहे रे, कोर्टाची पायरी चढायला नको." कलम वाचलं. वाद झाल्यास तो लवादाकडे 'मे बी रेफर्ड'. ठेकेदाराच्या वकिलाचं उत्तर दोन ओळींचं आलं: आमची संमती नाही. शेवटी दिवाणी दावाच लावावा लागला.

त्या उत्तराला आधार होता. वेलिंग्टन असोसिएट्स विरुद्ध किरीट मेहता या २००० सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे असंच 'मे'चं कलम आलं होतं. लवाद त्यानं बंधनकारक होत नाही, दोघांची नव्यानं संमती लागते, असा निकाल लागला.

बरं, 'शॅल' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर (२००७) या खटल्यातल्या कलमात 'शॅल' होतं, पण शेपटीला 'पक्षकारांनी तसं ठरवल्यास' असंही होतं. तेवढ्यानं लवादाचा करारच झालेला नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

न्यायालयं कधीकधी 'मे'चा अर्थ 'शॅल' लावतात, हे खरं. पण ते बहुधा कायद्याच्या बाबतीत, अधिकाऱ्याच्या अधिकाराला कर्तव्य चिकटलेलं असतं तिथं. खासगी करारात त्या भरवशावर राहू नये.

सहीआधी पेन्सिल घ्या आणि प्रत्येक 'मे'खाली रेघ मारा. ही मोकळीक कुणाला, एवढंच बघा. अनामत परत करायची मोकळीक घरमालकाला असेल, तर ते 'मे' बदलून मागा. भाड्याची मुदत वाढवण्याच्या कलमातलं 'मे' घरमालकाच्या बाजूचं असेल, तर ते भाडेकरूला गोत्यात आणू शकतं; भाडेकरूच्या बाजूचं असेल, तर त्याच्या फायद्याचं. 'मे नॉट' नकोच. 'करू नये' आणि 'कदाचित करणार नाही' असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. 'शॅल नॉट' लिहून घ्या. छापील नमुना आहे, बदलता येत नाही, असं ऐकवतील. सही व्हायच्या आधी येतो. शब्द खोडून वर नवा लिहायचा, शेजारी दोघांनी छोटी सही करायची, आणि हे दोन्ही प्रतींवर.