गॅसवरून पाय उचलताना

दिवाळीच्या सुमारास मला जे फोन येतात, त्यांतले निम्मे फराळाचे असतात आणि निम्मे गाड्यांचे. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत नव्याने लागलेली आपली पोरं उन्हाळ्यात हौसेने मस्टँग घेतात. घ्यावीच. इथल्याच फ्लॅट रॉकच्या कारखान्यात ती तयार होते. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरतो, तेव्हा तिथली जुन्या-नव्या गाड्यांची रांग पाहून भल्याभल्या संसारी माणसाचा तोल जातो. मग ऑक्टोबर सरतो, सकाळी काचेवर गोठलेलं दव खरवडावं लागतं, आणि फोन वाजतो. "काका, ही रिअर-व्हील ड्राइव्ह आहे. बर्फात चालेल ना? की विकून टाकू?"

विकू नका. मी स्वतः अशीच गाडी मिशिगनच्या हिवाळ्यात रोज कामावर नेतो. पण ती चालते म्हणजे कशी चालते, हे नीट सांगायला हवं, कारण या पोरांना भीती वाटते ती चुकीच्या गोष्टीची.

सगळ्यांना धास्ती असते गॅस दाबण्याची. साडेचारशे घोड्यांचं इंजिन, पाय जरा जड पडला की मागची चाकं गरगरणार आणि गाडी आडवी होणार. हे खरं आहे, पण त्याची सूचना आधी मिळते. चाकं जागच्या जागी फिरल्याचा आवाज येतो, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतं, ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कापतो. बहुतेक वेळा तुम्ही सिग्नलवरून निघत असता, वेग नसतोच. दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने निघालं की हा प्रश्न बराचसा मिटतो. ऑटोमॅटिक असेल तर 'स्नो/वेट' मोड लावा, गॅसचं पेडल त्यात मवाळ होतं. गाडी फिरते ती बहुधा नंतर, वेगात असताना, वळणावर, गॅसवरून पाय उचलला की. आणि तेव्हा कसलाही आवाज होत नाही.

हे मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय. गाडी साताऱ्याच्या एका पोराची होती, सहा गिअरची मॅन्युअल. वडिलांच्या सुमोवर पसरणी घाटात शिकलेला, हात अगदी सफाईदार. संध्याकाळी फ्रीवेवरून उतरत होतो. उजवीकडे गोल वळत खाली जाणारा रॅम्प, त्यावर दुपारी पडून टायरांखाली दबलेला बर्फ. वेग फार नव्हता, ताशी तीस मैलांच्या आतच. उतार पाहून त्याने घाटातला शिरस्ता पाळला: गॅसवरून पाय काढला, तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच सोडला. गाडीचा मागचा भाग काही न बोलता डावीकडे निघाला. समोरच्या काचेतून रस्ता सरकत सरकत बाजूच्या काचेत आला, मग कठडा, मग मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे. आम्ही रॅम्पच्या कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगात रुतलो, तोंड आलो त्या दिशेला. माणसं धड होती, गाडीच्या बंपरखालची प्लास्टिकची पट्टी तेवढी गेली. पोरगा स्टिअरिंग घट्ट धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, मी ब्रेक लावलाच नव्हता हो!"

लावला होता. फक्त पायाने नाही, इंजिनाने लावला होता. आपल्याकडे घाटात शिकवतात की ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन गाडीला धरून ठेवतं. शंभर टक्के बरोबर आहे. सुमोसुद्धा मागच्याच चाकांवर चालायची, पण खाली कोरडं डांबर होतं. बर्फावर हिशेब बदलतो. इंजिनाची ओढ ज्या चाकांना ताकद मिळते त्यांनाच लागते, म्हणजे इथे फक्त मागच्या दोन चाकांना. शिवाय पाय उचलला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणजे जी चाकं हलकी झाली त्यांनाच आवळलं, तेही वळणावर, जिथे त्यांची बरीचशी पकड गाडीला बाजूला घसरू न देण्यातच खर्ची पडत होती. टायरकडे पकड एकूण ठरावीकच असते. वळणं, थांबणं आणि धावणं या तिघांना त्यातूनच वाटून घ्यावं लागतं, आणि बर्फावर वाटायला मुळातच फार थोडं असतं. काही नव्या गाड्यांत इंजिनाची ही ओढ सौम्य करणारी व्यवस्था असते, पण तिच्या भरवशावर गिअर टाकू नका.

म्हणून वेग कमी करायचा तो रॅम्प सुरू होण्याआधी, सरळ रस्त्यावर, पायाच्या ब्रेकने. तो चारही चाकांना लागतो आणि त्याच्यावर एबीएसचं लक्ष असतं. पेडल पायाखाली थरथरलं तर घाबरून सोडू नका, ते थरथरणं म्हणजेच एबीएसचं काम चालू असणं. पाहिजे तो गिअर आधीच टाकून ठेवा आणि वळणात गॅस अगदी हलका, एकसारखा धरा, गाडी खेचलीही जाणार नाही आणि अडवलीही जाणार नाही इतकाच. वळणात गिअर बदलणं टाळा. टाळता येत नसेल तर आधी इंजिनाचा वेग थोडा वाढवून घ्या आणि क्लच सावकाश सोडा. ऑटोमॅटिकवाल्यांनी स्टिअरिंगमागचे पॅडल हिवाळाभर विसरावेत. क्रूझ कंट्रोलही बंद.

तरीही मागचा भाग सुटलाच, तर पहिल्यांदा क्लच दाबा. मागची चाकं इंजिनापासून मोकळी होतात आणि पुन्हा रस्त्याच्या वेगाने फिरू लागतात, बरेचदा तेवढ्यानेच गाडी सावरते. मागचा भाग डावीकडे निघाला असेल तर स्टिअरिंगही डावीकडे, उजवीकडे निघाला असेल तर उजवीकडे. नजर जिथे जायचंय तिथे हवी. कठड्याकडे बघत राहिलात तर हात तुम्हाला कठड्यावरच नेतील. आणि गाडी सरळ व्हायला लागताक्षणी स्टिअरिंगही परत आणायचं. इथे नवखा हमखास उशीर करतो, मग गाडी उलट्या बाजूला पहिल्यापेक्षा जोराने झोका घेते. हे वाचून येत नाही. पहिला बरा बर्फ पडला की एखादं मोकळं पार्किंग गाठा, मालकाला विचारून, दिव्याच्या खांबांपासून लांब, आणि दहा-पंधरा मैलांच्या वेगाने मुद्दाम गाडी घसरवून बघा. मी प्रत्येक नव्या माणसाला तिथे घेऊन जातो. बायका-पोरं गाडीत नकोत, चहाचा थर्मास चालेल.

आता टायर. खरं म्हणजे इथूनच सुरुवात करायला हवी होती, कारण टायर चुकीचे असतील तर वरचं सगळं पाठ असूनही उपयोग नाही. मस्टँग परफॉर्मन्स पॅकेजसह घेतली असेल तर ती उन्हाळी टायरवर येते. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे इथल्या भाषेत ४५ फॅरनहाइटच्या खाली कडक होत जातं. पुण्यात थंडी पडली की बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, अगदी तसं. दिसायला टायर नवाकोरा असतो, खाचा खोल असतात, आणि रस्ता कोरडा असला तरी पकड गेलेली असते. कडाक्याच्या थंडीत अशा टायरला चिरा पडू शकतात, असा इशारा काही कंपन्यांच्या पुस्तिकेतच छापलेला आहे. ती पुस्तिका कोणी वाचत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाला तर गाडी विकताना दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं, "ट्रॅक्शन कंट्रोल आहे, काळजी नको." ट्रॅक्शन कंट्रोल असलेली पकड वाटून देतं. नसलेली आणणार कुठून?

हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचं फूल अशी खूण असते. नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असेल तर त्याचा संबंध खाचांच्या आकाराशी आहे, थंडीतल्या रबराशी नाही. आणि डोंगराच्या खुणेवरही डोळे झाकून विश्वास नको. ती ज्या चाचणीवरून देतात, त्यात दबलेल्या बर्फावर गाडी किती चांगली वेग घेते ते मोजतात. थांबते किती आणि वळते किती, याची ती परीक्षाच नव्हे. म्हणून बाराही महिने चालणारा आणि वर ही खूण मिरवणारा टायर बरा असला तरी खास हिवाळी टायरची जागा घेत नाही. क्वेबेकमध्ये तिथे नोंदलेल्या मोटारींना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. मिशिगनमध्ये अशी सक्ती नाही, त्यामुळे इथे ज्याचं त्यालाच शहाणं व्हावं लागतं.

चारही टायर बदला. "ताकद मागे आहे, तर मागचे दोनच घेतो" असा काटकसरी विचार दरवर्षी कोणाला तरी सुचतो. मग गाडी निघते झकास, पण पुढची चाकं ना वळवतात ना थांबवतात. शक्य असेल तर टायर जरा अरुंद आणि चाक एक इंच लहान घ्या. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत जातो, रुंद टायर वरच तरंगतो. खड्ड्यांतही उंच रबराचा टायर चाकाला वाचवतो, आणि मार्चमधले मिशिगनचे खड्डे पाहिलेत तर मुंबईचा पावसाळा आठवेल. मात्र परफॉर्मन्स पॅकेजचे पुढचे ब्रेक इतके मोठे आहेत की प्रत्येक १८ इंची चाक त्यावर बसेलच असं नाही, आधी खात्री करून घ्या. हवा दर आठवड्याला तपासा. तापमान १० फॅरनहाइटने उतरलं की दाब सुमारे १ पीएसआय कमी होतो, त्यामुळे पहिल्या थंडीत डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागतो तो पंक्चरचा नसतोही. खाचा ४ मिलिमीटरच्या खाली गेल्या की हिवाळी टायर नावापुरताच हिवाळी उरतो.

डिकीत वाळूच्या गोण्या टाकायच्या का? पिकअप ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय. मस्टँगचा भार निम्म्याहून थोडाच जास्त पुढे असतो, तिला गोण्यांची फारशी गरज नाही. वजन एकदम मागे ठेवलंत तर पुढची चाकं हलकी होतात, आणि बांधून न ठेवलेली गोणी टक्कर झाली की पाठीत येते. एक छोटी पिशवी वाळू किंवा मांजरांच्या शौचासाठीची साधी माती ठेवा, ती अडकल्यावर चाकाखाली टाकायला. सोबत फावडं, हातमोजे, घोंगडी. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

अडकलात तर गॅस दाबून चाकं फिरवत बसू नका. खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि काच तयार होते. ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर ते इंजिनाचा जीवच काढून घेतं, आणि पुढे-मागे झुलवत गाडी बाहेर काढा. निघालात की लगेच पुन्हा चालू. आणि एक गोष्ट जिवाची आहे: गाडी ढिगात रुतली असेल आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढा. ते तोंड बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बर्फ पडत असेल तर दर थोड्या वेळाने उतरून पुन्हा बघा. साताऱ्याच्या त्या पोराला मी त्या संध्याकाळी पहिलं काम हेच लावलं होतं.

मिठाबद्दलही विचारतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे, आणि रस्त्यावरच्या मिठाची इथे ददात नाही. पण साधं मीठ उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास हतबल होतं. त्याखाली तापमान गेलं की पांढरा, मीठ मारलेला रस्ताही निसरडाच समजा. पूल आणि उड्डाणपूल सगळ्यांत आधी गोठतात, खालून जमिनीची ऊब नसते. गाडीखाली साचलेलं मीठ धुवायला थोडी ऊब असलेला दिवस निवडा, नाहीतर दारं गोठून बसतात.

आणि काही दिवस ही गाडी काढायचीच नसते. तिचं पोट जमिनीपासून जेमतेम साडेपाच इंच वर. त्याहून खोल, न उपसलेल्या बर्फात ती मोटार राहत नाही, नांगर होते, आणि टायर कितीही चांगला असला तरी पोटावर बसलेल्या गाडीला पकड मिळत नाही. पश्चिमेकडे, लेक मिशिगनवरून येणारा बर्फ तर दोन-चार मैलांत कोरड्या रस्त्याचा पांढरा पडदा करतो. जानेवारी २०१५ मध्ये कालामाझूजवळ आय-९४ वर १९० हून जास्त वाहनं एकमेकांवर आदळली, त्यांत मोठमोठे ट्रक कितीतरी होते. कुठल्या चाकांना ताकद मिळते, हा प्रश्न तिथे कोणाच्या कामी आला नाही. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी निघते लवकर. थांबायला सगळ्यांकडे तेच चार टायर आणि तेच चार ब्रेक. गोठता पाऊस पडतो त्या दिवशी माझी मस्टँग गॅरेजमध्ये असते, आणि तिच्या शेजारी बायकोची ऑल-व्हील ड्राइव्हही.