कर्नल लिहायला बसण्यापूर्वी

ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेणाऱ्याला पहिले यश फार लवकर मिळते. एक्स८६ संगणकाचे बायोस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट मेमरीत आणते. त्यात असेंब्लीच्या थोड्या ओळी असल्या की पडद्यावर स्वतःचे नाव उमटते. नवखे फसतात ते इथेच. पुढचा कर्नलही असाच उभा राहील असे वाटू लागते आणि इकडून तिकडून उचललेला कोड न समजताच एकमेकांना जोडला जातो.

खरा घात इंटरप्टपाशी होतो. बायोसने हार्डवेअरचे पहिले आठ इंटरप्ट ८ ते १५ या क्रमांकांवर बसवलेले असतात. प्रोटेक्टेड मोडमध्ये मात्र ८ हा क्रमांक प्रोसेसरने ‘डबल फॉल्ट’साठी राखलेला आहे. इंटरप्ट कंट्रोलरची मांडणी न बदलता इंटरप्ट चालू केले, की सेकंदाला सुमारे १८ वेळा वाजणारा टायमर लगेच त्याच क्रमांकावर येऊन थडकतो. कर्नल त्याला डबल फॉल्ट समजतो. इंटरप्टचा तक्ताच नीट भरलेला नसेल, तर चुकीवर चूक चढत जाऊन प्रोसेसर रिसेट होतो. कोणताही संदेश येत नाही, यंत्र नुसते पुन्हा पुन्हा सुरू होते. दोष एकीकडे असतो आणि शोध भलतीकडेच चालतो. यात आठवडे गेल्यावर अनेकजण नाद सोडतात. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर आत काय चालले आहे ते पाहण्याचे साधनच हाती नव्हते म्हणून.

त्यामुळे साधने आधी शिकावीत. क्यूईएमयू हा एम्युलेटर पहिल्याच सूचनेवर थांबवून ठेवता येतो आणि जीडीबी त्याला जोडून एकेक पाऊल पाहता येते. दोन्ही मोफत आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. सी भाषेतले पॉइंटर आणि प्रोसेसर कंपनीचे मॅन्युअल वाचण्याची सवय, यांना पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिले ते मिनिक्सवर काम करत, आणि मिनिक्स १९८७ मध्ये शिकवण्यासाठीच सोर्स कोडसह आले होते. आज ती जागा एक्सव्ही६ची आहे. एमआयटीने २००६ मध्ये जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ही छोटी प्रणाली रचली. सगळा कोड काही हजार ओळींचा; एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही वाचता येतो. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मैथिली वुटुकुरू यांची व्याख्याने आणि एक्सव्ही६वरची टिपणे सर्वांसाठी खुली आहेत. गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गावरच्या सौंदडसारख्या गावात शेजारी बसून कर्नल शिकवणारा मिळणे अवघड. तिथल्या विद्यार्थ्याला ही सामग्री फार मोलाची आहे.

एक्सव्ही६मध्ये आधी एक नवा सिस्टिम कॉल घालावा, मग शेड्युलर बदलावा, मेमरी त्यानंतर. शेड्युलिंगची व्याख्या परीक्षेत लिहिलेली असते, पण दोन प्रोसेसमधली अदलाबदल डीबगरमध्ये स्वतः पाहिल्यावरच ती कळते. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक चालती अवस्था गिटमध्ये जपावी.

स्वतःचा कर्नल जरूर लिहावा, पण एक्सव्ही६मध्ये निदान एक सिस्टिम कॉल स्वतःच्या हाताने चालवून दाखवल्यावर.