गोणी उचलण्याआधी तोडीचं साल ठरव

भाऊ, साग लावलास, चांगलं केलंस. पण पिंपळनेरात कांद्याला खत टाकायची जी सवय हाताला लागली आहे, ती सागाच्या रानात नेऊ नकोस. कांद्यात घातलेला पैसा चार महिन्यांत बाजारात दिसतो, बुडाला तरी लगेच कळतो. सागात घातलेला पैसा वीस वर्षं जमिनीत बसतो आणि त्याचं व्याज कोणी सांगायला येत नाही. ते आपण धरायचं.

बारा टक्क्यांनी पैसा सहा वर्षांत दुप्पट होतो. तोडीच्या अठरा वर्षं आधी हजाराचं खत टाकलंस, तर त्या खताने तोडीला आठ हजारांचं जास्तीचं लाकूड दिलं पाहिजे. तेच हजार तोडीच्या सहा वर्षं आधी टाकलेस, तर दोन हजारांवर भागतं. म्हणून आधी तोडीचं साल कागदावर लिही आणि तिथून मागे मोजत ये.

मग सुरुवातीला काहीच द्यायचं नाही का? द्यायचं, पण घरचं शेणखत, आणि पहिली दोन-तीन वर्षं खुरपणी. रोपाभोवती गवत असताना युरिया फेकलास तर गवतच माजेल आणि उन्हाळ्यात तेच पेटेल. आगीत गेलेल्या खताचा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही. दिवाळीनंतर जाळरेषा, म्हणजे रानाभोवती गवत काढलेला पट्टा, काढ. गळलेला पाला मात्र झाडून पेटवू नकोस, कुजू दे. तेही खतच आहे, आणि फुकटचं.

मोठा खर्च विरळणीनंतर. दोन बाय दोन मीटरवर लावलास म्हणजे एकरी हजार झाडं झाली. ती सगळी ठेवून खत दिलंस तर बारीक काठ्याच वाढतील. वाकडी, दबलेली झाडं काढ, उरलेल्यांच्या शेंड्याला ऊन मिळू दे, मग पुढच्या पावसाच्या तोंडावर ओल बघून खत दे. माती आधी तपासून घे. आपल्या काळ्या दगडाच्या मुरुमात पालाश सहसा कमी पडत नाही, नत्र नि स्फुरद पडतं. विकणारा तिन्ही गळ्यात मारतो. आणि रानात पाणी साचत असेल तर गोणीच्या पैशात चर खण, सागाला साचलेलं पाणी सोसत नाही. बांधावरच्या झाडांना वेगळं काही नको, ती पिकाचंच खातात.

शेवटची मात्रा तोडीच्या पाच-सहा वर्षं आधी. खत पानात जातं, पानातून खोडात, त्याला वर्षं लागतात. तोडीच्या साली टाकलेलं खत म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली भेट.

दोन ओळी बिनखताच्या ठेव. साडेचार फुटांवर रंगाचा पट्टा मार आणि दर उन्हाळ्यात तिथेच घेर मोज. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं, हा लाकडाचा जुना हिशेब. दहा फुटी खोडाचा घेर 24 इंच असेल तर अडीच घनफूट, 36 इंच झाला तर साडेपाचच्या वर. खताच्या आणि बिनखताच्या ओळी सारख्याच फुगत असतील तर पुढचं खत बंद. नव्वदीत सागाच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत असली बिनखताची ओळ मला कधी दिसली नाही. सेबीला 1999 मध्ये अशा योजनांसाठी नियम करावे लागले.

खताशिवाय रान कसं उभं राहतं ते बघायचं तर बारीपाड्याचं जंगल बघून ये. ते राखणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती गोणीमुळे नव्हे, कुऱ्हाड आवरल्यामुळे. तिथलं जंगल तोडीसाठी नाही, तुझं रान तोडीसाठी आहे, एवढा फरक लक्षात ठेव.

आता कागद. साग अनुसूचित झाड आहे, 1964 च्या कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या झाडविक्रीला 1969 चा वेगळा कायदा आहे, शेजारच्या पाड्यावर भागीत लावलं असशील तर तो आधी समजून घे. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आजच करून घे. सगळं रान एका साली तोडायचं ठरवू नकोस, तीन तुकडे कर, म्हणजे भाव पडला तर एक तुकडा थांबवता येतो. त्या तुकड्याला मात्र नवं खत नाही. आणि अर्ज वर्षभर आधी दे. मोजणी, परवानगी, वाहतूक परवाना, सगळं होऊन माल मे अखेर डांबरी रस्त्यावर आला पाहिजे. आपल्या गाडीवाटेवर जुलैत भरली ट्रॉली निघत नाही, आणि व्यापारी ते बघूनच भाव सांगतो.